सकाळचे चालणे आणि संध्याकाळचा पेग

पहाटे साडेपाचला गावाबाहेरच्या रस्त्याने निघालात, तर आता एकटे वाटत नाही. पायात बूट, कानाला मफलर अशी चाळिशी-पन्नाशीची मंडळी हात हलवीत भरभर चालताना दिसतात. कोणाला साखर निघाली आहे, कोणाचा रक्तदाब वाढला आहे, तर कोणाची पँट कमरेला बसेनाशी झाली आहे. कारण काहीही असो, माणसे चालू लागली ही चांगलीच गोष्ट झाली. यातले बरेच जण चहातली साखर सोडतात, भात बंद करतात, भाजीत तेल कमी घालायला लावतात. आणि तीन-चार महिन्यांनी दवाखान्यात येऊन तक्रार करतात, "डॉक्टर, सांगाल ते सगळं करतो, पण काटा काही हलत नाही."

अशा वेळी आम्ही दिवसभराचे खाणे विचारून घेतो. सकाळचा चहा, नाश्ता, दुपारचा डबा, संध्याकाळची दोन बिस्किटे. रात्री आठपर्यंतचा हिशेब अगदी बिनचूक असतो. त्यानंतर जरा घुटमळणे सुरू होते. "रात्री हलकंच जेवतो." जेवणाआधी काही घेता का, असे विचारले की सोबत आलेल्या पत्नी खिडकीबाहेर पाहू लागतात आणि गृहस्थ म्हणतात, "रोज नाही हो. कधीतरी, मित्रांबरोबर. दोनच पेग." हे 'कधीतरी' आठवड्यातून तीन-चारदा येते, हे पुढच्या पाच मिनिटांत कळते.

दारूने संसाराची, यकृताची आणि खिशाची काय दशा होते यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा लेख मात्र ज्यांना कोणी दारुडा म्हणणार नाही अशा गृहस्थांसाठी आहे. नोकरी-धंदा नीट सांभाळणारे, कोणाशी भांडण न करणारे, मोजून घेणारे आणि मनापासून वजन कमी करू पाहणारे असे हे लोक. त्यांचा सारा आटापिटा कुठे वाया जातो, ते पाहू.

पेल्यात किती भाकऱ्या?

अन्नातून मिळणारी ऊर्जा उष्मांकांत म्हणजेच कॅलरीत मोजतात, हे आता बहुतेकांना माहीत आहे. एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून किंवा साखरेतून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम प्रथिनांतूनही ४, आणि एक ग्रॅम तेला-तुपातून ९. मद्यार्काच्या एका ग्रॅममधून ७ कॅलरी मिळतात. म्हणजे साखरेपेक्षा जास्त आणि तुपापेक्षा थोड्याच कमी. दारू पाण्यासारखी पातळ असल्याने ती पोटात गेली तरी आपण काही 'खाल्ले' असे मनाला वाटत नाही. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक व्हिस्की, रम, ब्रँडीच्या बाटल्यांवर मद्यार्काचे प्रमाण ४२.८ टक्के असे छापलेले असते. कॅलरीचा आकडा मात्र सहसा नसतो, तो आपणच काढायचा. ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम मद्यार्क, म्हणजे १४० कॅलरी. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सव्वाचारशे. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण १७५ कॅलरी देते. तेव्हा एक क्वार्टर म्हणजे जवळपास अडीच भाकऱ्या झाल्या. फरक इतकाच, की भाकरीबरोबर चोथा, थोडी प्रथिने, थोडे लोह मिळते आणि पोट भरते. क्वार्टरने यातले काहीच होत नाही.

"मी आपली बिअर घेतो, ती हलकी" असे म्हणणाऱ्यांनीही हिशेब करावा. ६५० मिलिलिटरची साधी, ५ टक्क्यांची बाटली घेतली तर मद्यार्क आणि त्यातले धान्याचे पिष्ट मिळून अडीचशे ते पावणेतीनशे कॅलरी होतात. स्ट्राँग म्हणून जी विकली जाते तिच्यात मद्यार्क ८ टक्क्यांपर्यंत असतो, तिथे आकडा साडेतीनशेच्या पुढे जातो. एका स्ट्राँग बाटलीत दोन मोठ्या पेगांएवढा मद्यार्क असतो, हे ऐकून अनेकांना खरे वाटत नाही. वाईनचा दीडशे मिलिलिटरचा ग्लास १२० कॅलरीच्या आसपास जातो. देशीच्या बाटलीवरही टक्केवारी छापलेली असते, तिच्यावरून तसाच हिशेब करता येतो. (बिअरने मुतखडा विरघळतो अशी एक समजूत पसरलेली आहे. तो विषय वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.)

आणि पेग म्हणजे साठ मिलिलिटर हे झाले परमिट रूममधले. घरी कपाटातून बाटली काढून अंदाजाने ओतलेला पेग बहुधा त्याहून मोठाच असतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचे टोपण असते, त्याने एकदा आपला नेहमीचा पेग मोजून पाहावा.

आता एका संध्याकाळचा पूर्ण हिशेब मांडू. एक क्वार्टर, सव्वाचारशे. त्यात घालायला कोल्याची ३०० मिलिलिटरची बाटली, सव्वाशे. समोर शेंगदाण्यांची बशी, पन्नास ग्रॅम धरली तर २८५. शेव-फरसाण तेवढेच, साधारण २७०. हे झाले अकराशे, आणि जेवण अजून व्हायचेच आहे. बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसभरात सुमारे २११० कॅलरी लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवले. म्हणजे निम्म्या दिवसाची शिदोरी बसल्या बैठकीत संपली. उलट सत्तर किलोचा माणूस तासभर भरभर चालला तर खर्च होतात साधारण अडीचशे कॅलरी. एका बैठकीची फेड करायला चार तासांहून अधिक चालावे लागेल. इतका वेळ गावात फक्त पोस्टमनला असायचा.

यकृताचे फाटक

इथपर्यंतचे गणित कोणालाही मांडता येईल. पण हा प्रश्न नुसत्या बेरीज-वजाबाकीचा नाही. दारू शरीरात गेल्यावर जे घडते ते भाकरीच्या किंवा तेलाच्या बाबतीत घडत नाही.

जास्तीची साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवते. जास्तीचे तेल-तूप चरबी म्हणून ठेवते. मद्यार्काला मात्र साठवणीची जागाच नाही. शरीराच्या दृष्टीने तो विषारी पदार्थ, तेव्हा तो आला की यकृत हातातली बाकीची कामे बाजूला ठेवून आधी त्याच्या मागे लागते. रेल्वेचे फाटक पडले की रस्त्यावरची सारी वाहने जशी जागच्या जागी थांबतात, तसेच इथे होते. मद्यार्काची गाडी पूर्ण निघून जाईपर्यंत चरबी जाळण्याचे काम मंदावते. यकृत त्याचे आधी ॲसिटाल्डिहाइड आणि मग ॲसिटेट करते. हे ॲसिटेट रक्तातून सगळीकडे जाते आणि स्नायू तेच सरपण म्हणून वापरू लागतात. हाताशी आयते सरपण असताना शरीर पोटावरच्या चरबीला कशाला हात लावील?

यावर नेमके प्रयोग झालेले आहेत. १९९२ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी आठ निरोगी पुरुषांना बंद खोलीत ठेवून त्यांच्या श्वासावरून शरीरात काय जळते आहे ते चोवीस तास मोजले. रोजच्या ऊर्जेच्या पाव भागाएवढा मद्यार्क दिला, तेव्हा चरबीचे ज्वलन सुमारे एक तृतीयांशाने घटले. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढची आहे. नेहमीच्या आहारात भर म्हणून दारू दिली काय, किंवा तेवढ्याच कॅलरीचे अन्न काढून त्याच्या जागी दिली काय, ज्वलन जवळजवळ सारखेच घटले. "पेग घेतला म्हणून भाकरी सोडली, झाली की फिट्टंफाट" असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

१९९९ साली अमेरिकेत आणखी एक बारीक तपास झाला. आठ पुरुषांना २४ ग्रॅम मद्यार्क दिला, म्हणजे आपल्या मोठ्या पेगहून किंचितच जास्त, आणि त्याची चरबी किती होते ते पाहिले. आकडा निघाला पाच टक्क्यांहूनही कमी. पण त्या काही तासांत शरीराचे चरबी जाळणे ७३ टक्क्यांनी खाली आले. तेव्हा 'दारूची चरबी होते' हे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. पोटावर साठते ती बहुतांशी शेंगदाण्यांची, तळलेल्या पापडाची आणि नंतरच्या मटणाच्या तर्रीची चरबी. एरवी तिच्यातली काही तरी जळाली असती. दारू तिला जळू देत नाही.

हे फाटक किती वेळ बंद राहते? साधारण माणसाचे यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचाच निकाल लावू शकते. थंड पाण्याने अंघोळ, लिंबूपाणी, कडक कॉफी, कशानेही हा वेग वाढत नाही. एका मोठ्या पेगला दोन ते तीन तास, क्वार्टरला सहा ते आठ. रात्री आठला बसलेल्या माणसाच्या यकृताला ते काम उरकायला पहाटेचे तीन-चार वाजतात. साडेपाचला तो चालायला निघतो तेव्हा रात्रभर जी चरबी खर्च व्हायची ती झालेली नसते.

शिवाय झोपही नीट झालेली नसते. दारूने झोप पटकन लागते हे खरे, पण उत्तररात्री ती पुन्हा पुन्हा मोडते, घोरणे वाढते. अपुऱ्या झोपेनंतरच्या दिवशी भूक जास्त लागते आणि गोड-तळलेल्याकडे मन ओढ घेते, हा अनेकांचा अनुभव आहे.

चखण्याची भूक

दोन पेग झाल्यावर माणूस 'अजून एक प्लेट सांग' म्हणतो, ते केवळ मित्रांच्या आग्रहाने नव्हे. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन दिवस मद्यार्क दिल्यावर उंदीर जास्त खाऊ लागले. त्यांच्या मेंदूतील ज्या पेशी एरवी उपाशी असताना जाग्या होतात, त्या मद्यार्काने भरल्या पोटी जाग्या झाल्या होत्या. त्या पेशींचे काम थांबवले तेव्हा जास्तीचे खाणेही थांबले. उंदरांना मित्र आग्रह करत नाहीत, हे इथे लक्षात घ्यावे.

एरवी पाचशे कॅलरीचे अन्न पोटात गेले तर पुढच्या जेवणाला एखादी चपाती आपोआप कमी खाल्ली जाते. दारूतल्या कॅलरीची अशी नोंद पोट घेत नाही, उलट भूक चाळवते. त्यात दोन पेगनंतर सकाळचा निश्चय सैल पडलेला असतो. चखण्याचे पदार्थही पाहा. सगळे खारट, तळलेले, तिखट. खारट खाल्ले की तहान लागते आणि तहान लागली की ग्लास उचलला जातो. धंदा चालवणाऱ्याने फुकट शेंगदाणे ठेवलेले असतात ते दानधर्म म्हणून नव्हे.

या ठिकाणी गृहिणींची बाजू मांडल्यावाचून राहवत नाही. पतीचे वजन उतरावे म्हणून घरातली बाई सगळ्या कुटुंबाचे तेल कमी करते, सणाला पुरण करायचे टाळते, पोरांच्या कुरबुरी ऐकून घेते. महिन्याला अर्धा लिटर तेल वाचवले तर ते साडेचार हजार कॅलरीच्या आत-बाहेर जाते आणि ते घरातल्या चार-पाच माणसांत वाटलेले असते. वर मांडलेल्या चार बैठकांत एकटा माणूस ते भरून काढतो. वजन उतरले नाही की दोष मात्र तिच्या फोडणीला दिला जातो.

मग दारुडे काटकुळे का?

हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो रास्त आहे. गावातला अट्टल दारू पिणारा माणूस बहुधा हाडांचा सापळा झालेला असतो. दारूने वजन वाढते, तर त्याचे का वाढत नाही?

एक तर तो जेवतच नाही. त्याच्या दिवसाच्या निम्म्या कॅलरी बाटलीतून येतात, आतड्यांची अन्न शोषण्याची ताकद कमी झालेली असते आणि हातापायांचे स्नायू झडत जातात. दुसरे असे, की रोज भरपूर पिणाऱ्याच्या यकृतात मद्यार्क जाळण्याची एक आडवाट तयार होते, आणि त्या वाटेने जाळल्यास बरीच ऊर्जा नुसत्या उष्णतेच्या रूपाने वाया जाते. न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स लीबर यांनी यावर अनेक वर्षे काम केले. आहारातली इतर ऊर्जा काढून त्याजागी मोठ्या प्रमाणात दारू दिली तर वजन घटते, असे त्यांना दिसले होते. पण असे घटलेले वजन कोणी कमावले असे म्हणणार नाही. हातपाय काड्या आणि पोट पुढे, अशी ती अवस्था, आणि अनेकदा पुढे आलेल्या त्या पोटात चरबी नसून यकृत निकामी झाल्याने साठलेले पाणी असते.

दुसरीही बाजू प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अगदी थोडे, क्वचित पिणाऱ्यांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत दारूचा आणि वजनाचा ठळक संबंध दिसत नाही. तो दिसतो जास्त पिणाऱ्यांत, विशेषतः एका बैठकीला पुष्कळ पिणाऱ्यांत. मात्र जे वजन कमी करण्याच्या खटपटीत आहेत त्यांच्यासाठी अमेरिकेतील एक मोठी पाहणी महत्त्वाची आहे. वजन जास्त आणि मधुमेहही असलेल्या सुमारे पाच हजार लोकांवर ती झाली. त्यांतील आहार-व्यायामाचा कसून कार्यक्रम दिलेल्या गटात, चार वर्षे दारूला न शिवलेल्यांचे वजन सरासरी ५.१ टक्क्यांनी उतरले, तर सतत जास्त पिणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. कार्यक्रम तोच, फळ निम्म्याहून कमी.

आपल्या लोकांना आणखी एका कारणाने जपायला हवे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. भारतीय माणूस सडपातळ दिसला तरी त्याच्या पोटाच्या आत चरबी दबा धरून असते, हे त्या एका छायाचित्राने जगाला पटवले. म्हणून आपल्याकडे निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात, आणि पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीच्या ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर' हे शब्द हल्ली वारंवार दिसतात. पोटाची चरबी आणि दारू या दोन वाटांनी यकृतात चरबी येते. ज्याच्याकडे दोन्ही आहेत त्याने तो कागद फाईलमध्ये लावून विसरून जाऊ नये.

उपाशीपोटी पिण्याचा धोका

आता ज्यासाठी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. वजन कमी करणाऱ्या अनेकांनी एक युक्ती शोधून काढली आहे. संध्याकाळी बसायचे आहे ना, मग दुपारचे जेवण अर्धेच घ्यायचे, रात्रीचे सोडूनच द्यायचे. कॅलरीचा हिशेब कागदावर जमतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने ही युक्ती केली, तर ती जिवावर बेतू शकते.

काही तास पोटात अन्न नसले तरी आपल्या रक्तातली साखर एकदम खाली जात नाही, कारण यकृत साठ्यातून साखर सोडत राहते आणि साठा संपत आला की नवी तयार करते. मद्यार्काच्या मागे लागलेल्या यकृताला ही नवी साखर तयार करता येत नाही. त्यातच ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन शरीरात काम करत असेल, तर मध्यरात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी साखर धोक्याच्या खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते, माणूस बरळतो, तोल जातो. तोंडाला वास येत असतो. घरचे म्हणतात, जास्त झाली असेल, झोपू द्या. आणि तो झोपेतून उठत नाही.

म्हणून प्रत्येक मधुमेह्याच्या घरात हे माहीत असावे, की चढलेली दारू आणि उतरलेली साखर बाहेरून सारखीच दिसतात. शंका आली की घरच्या यंत्रावर साखर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्रच नसेल आणि शंका असेल, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, मग काहीतरी खायला द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून लगेच रुग्णालयात न्या आणि तिथे 'मधुमेहाची गोळी घेतो आणि दारू प्यायला आहे' या दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगा. लाजेपोटी दुसरी गोष्ट लपवली जाते आणि उपचाराला उशीर होतो.

मेटफॉर्मिन ही गोळी साखर अशी एकदम पाडत नाही. तरीही ती घेणाऱ्याने भरपूर प्यायल्यास रक्तात आम्ल साठण्याचा क्वचित पण गंभीर धोका असतो. कोणती गोळी चालू आहे आणि आठवड्याला किती घेतो, हे आपल्या डॉक्टरांना खरेखरे सांगावे. डॉक्टर रागावतील म्हणून चार पेगचे दोन सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्हीही मनात दुप्पट करूनच लिहितो.

व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांसाठी एक ओळ. कसून व्यायाम केल्यावर दारू घेतली तर स्नायूंची बांधणी मंदावते, असे २०१४ च्या एका प्रयोगात दिसले. प्रथिनांची पावडर बरोबर घेऊनही ती सुमारे २४ टक्क्यांनी कमी भरली. त्या प्रयोगातली मात्रा बरीच मोठी होती, पण शनिवारच्या बैठकीत तेवढी होतेच.

श्रावणाचा प्रयोग

"मग किती चालेल?" हा शेवटचा प्रश्न असतो. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात 'आरोग्य परवाना' नावाची तरतूद केली गेली होती, त्यामुळे दारू आणि आरोग्य यांची सांगड कागदोपत्री जुनीच आहे. वैद्यकशास्त्र मात्र आता वेगळे सांगते. मद्यार्क हे कर्करोगाचे कारण आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच ठरवले. अमुक इतकी दारू आरोग्याला निर्धोक, असे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही, असे त्याच संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. स्त्रियांच्या शरीरात तेवढ्याच दारूने रक्तातले प्रमाण जास्त चढते. आता लहान गावांतही घरगुती समारंभात स्त्रियांच्या हाती ग्लास दिसू लागला आहे, म्हणून तेही सांगून ठेवले.

तेव्हा न घेणाऱ्याने सुरू करण्याचा प्रश्नच नाही. जो घेणारच आहे, त्याने निदान वजनापुरते एवढे करावे. बसण्याआधी घरी भाकरी-उसळ किंवा वरण-चपाती असे साधे जेवण उरकावे, म्हणजे चखण्यावर तुटून पडणे होत नाही. कोल्याऐवजी साधे पाणी किंवा सोडा घ्यावा. समोर काकडी, कांदा-टोमॅटो, उकडलेले अंडे, मूठभर फुटाणे ठेवावेत. पेग मापाने ओतावा. आणि आठवड्यातले दिवस कमी करावेत, कारण बाकी सगळ्यापेक्षा त्यानेच फरक पडतो. चार दिवसांचे एकावर आणून त्या एका दिवशी चौघांची पिणे मात्र यात येत नाही.

याची परीक्षा घ्यायला आपल्याकडे सोय आहे. आषाढ संपला की कितीतरी घरांत महिनाभर दारू बंद होते. श्रद्धेने असो की रिवाजाने, श्रावणात एरवी नेमाने घेणारेही बाटलीला शिवत नाहीत. लंडनमध्ये असाच महिनाभराचा प्रयोग तपासण्या करून झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. ९४ जणांनी महिनाभर दारू सोडली. आधी ते आठवड्याला सुमारे अडीचशे ग्रॅम मद्यार्क घेत, म्हणजे आपल्या चार क्वार्टरएवढा. महिन्याअखेर वजन सरासरी दीड टक्क्याने उतरले, वरचा रक्तदाब साडेसहा टक्क्यांनी आणि इन्सुलिनला होणारा शरीराचा विरोध सुमारे पाव हिश्श्याने कमी झाला. ऐंशी किलोच्या माणसाला दीड टक्का म्हणजे सव्वा किलो. फार नाही, पण आहार आणि व्यायामात मुद्दाम काही बदल न करता हे झाले, शिवाय साखर आणि रक्तदाबाचा फायदा वेगळाच. आपल्याकडे मात्र श्रावण सोमवारी साबुदाण्याची खिचडी, वडे आणि शेंगदाण्याची आमटी यांचा मारा होतो, आणि त्याआधीची गटारी तर विचारूच नका. हे दोन सांभाळले तर प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

पण एका माणसाने तो स्वतःच्या मनाने करू नये. ज्याला रोज लागते, सकाळी घेतल्याशिवाय हाताची थरथर थांबत नाही, आधी कधी बंद केल्यावर भास झाले किंवा झटका आला, त्याने अचानक बंद केल्यास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येणे, वात होणे असे प्रकार घडतात आणि त्यात प्राणही जाऊ शकतो. अशांना आठ-दहा दिवस औषधाखाली ठेवून दारू सोडवावी लागते. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागात चौकशी करावी. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे. अशा माणसाच्या बाबतीत वजनाचा विचार नंतर.

बाकीच्यांनी श्रावण सुरू होण्याआधी एकदा वजन करावे आणि कमरेचा घेर मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. त्यासाठी शिंप्याची टेप चालते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये ती आडवी धरायची, श्वास सोडून झाल्यावर आकडा पाहायचा. पोट आत ओढायचे नाही.